वाचनालयाचे शंभर नंबर

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता वाचनालयातला वाचकांसाठीचा एकमेव संगणक दुरुस्त होऊन भंडाऱ्याहून परत आला. तो सुरू झाला, पण इंटरनेटवर जाईना. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता एका मुलीची नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय भरण्याची मुदत संपत होती. फेरी शेवटची होती. या दोन वेळांमध्ये जे साडेपाच तास गेले, त्यांचा हा वृत्तांत. चूक कोणाची होती हेही त्यात येईल. तिचा काही भाग माझा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. वाचनालयात इंटरनेट घ्यायचं ठरलं त्या सभेला पाच जण हजर होते. ठराव एकमताने मंजूर झाला आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली. कारण इतिवृत्तात नोंदवलेलं आहे: ‘त्यांना संगणकाची माहिती आहे.’ माहिती होती ती अशी. नागपूरच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं जिल्ह्याची पानं लावली. बातमी पडद्यावर वाचायची, कापायची, मथळा द्यायचा, पानात बसवायची. संगणक बिघडला की एक माणूस येई, मला उठवून माझ्या खुर्चीत बसे आणि दहा मिनिटांनी उठे. तो काय करतो हे मी सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. निवृत्त होऊन भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परतलो तेव्हा गावाने गृहीत धरलं की मी विचारलं असणार.

वाचनालय विणकरांच्या जुन्या वस्तीत आहे. पुढच्या खोलीत पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, मागच्या हॉलमध्ये अभ्यासिका. तिथे पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, नर्सिंग अशा परीक्षांची मुलंमुली सकाळपासून बसतात. भिंती इतक्या जाड की मोबाइलला एकच जागा मान्य आहे, ती म्हणजे रस्त्याकडची खिडकी, आणि तीही फक्त बोलण्यापुरती. बोलायचं असेल त्याने खिडकीत उभं राहून डोकं गजांना लावायचं.

ग्रंथपाल बावीस वर्षांपासून आहेत. ते संगणक वापरत नाहीत. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, सभासद रजिस्टर, सगळं हाताने आणि दोन रंगांच्या शाईने. पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळतं. सोळाव्या दिवशी ते मोपेड काढतात आणि सभासदाच्या दारात जाऊन उभे राहतात. लग्नघर असो की तेरवी, पुस्तक घेतल्याशिवाय हलत नाहीत. एका सभासदाने त्यांना चहा दिला, पोहे दिले, शेवटी जेवायला वाढलं. ते जेवले आणि हात धुऊन म्हणाले, “आता पुस्तक आणा.”

इंटरनेटची जोडणी करायला भंडाऱ्याहून एक तंत्रज्ञ आला. शेजारची हातमाग सोसायटी आणि आम्ही मिळून एकच लाइन घेतली होती. त्याने मला एका दमात समजावलं ते असं. फोन असो की संगणक, जाळ्यात शिरायचं तर त्याला एक पत्ता लागतो. म्हणजे एक नंबर. हा नंबर ज्याचा त्याने ठरवला तर दोघांचा एकच निघू शकतो आणि भांडण होतं. म्हणून दारावर एक जण बसवायचा. जो येईल त्याला तो मोकळा नंबर देतो. या बसवलेल्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. सोसायटीने देणगी दिलेला एक जुना संगणक होता, त्यालाच त्याने त्या कामावर बसवलं. त्याला पडदा नव्हता. काही पाहायचं झालं तर वाचकांच्या संगणकाचा पडदा काढून त्याला लावायचा, आणि तो लावला की काळ्यावर पांढरी अक्षरं दिसत. बाकी काही उघडत नसे.

“एकशे एक ते दोनशे नंबर तुमचे,” तंत्रज्ञ म्हणाला. “बाकीचे सोसायटीचे. तिकडं जाऊ नका, त्याईच्या कॅमेऱ्याले अन् बिलाच्या मशीनले दिले आहेत.” एवढ्यात त्याला फोन आला. कुठेतरी झाड पडून तार तुटली होती. तो उठला आणि जाता जाता म्हणाला, “एकच रकाना राहिला सर. लीज टाइम. तुम्हीच टाका अन् सेव्ह करा.”

लीज हा शब्द आमच्या जिल्ह्याला नवा नाही. रेतीघाटाची लीज असते, मासेमारीसाठी तलावाची असते, चिखल्याकडे मँगनीजची असते. नंबरही किती काळासाठी द्यायचा हे ठरवावं लागतं, एवढं मला कळलं. किती, ते कळलं नाही. स्वतःच्या अंदाजाने आकडा टाकायचा नाही, संबंधिताला विचारायचं, ही सवय लागलेली. मी ग्रंथपालांना विचारलं.

“एखादी वस्तू वाचनालयाने सभासदाले किती दिवसांसाठी द्यायची?” ते म्हणाले. “पंधरा दिवस. हे काय विचारणं झालं?”

मी पंधरा दिवस टाकले.

पहिले काही आठवडे सुरळीत गेले. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिला होता. मग बाजाराच्या दिवशी वर्तमानपत्र चाळायला येणाऱ्या लोकांनी तो पाहिला, त्यांनी इतरांना सांगितला, आणि एका दुपारी अभ्यासिकेतल्या तिघांचे फोन जोडलेच जाईनात. मी पडदा सर्व्हरला लावून पाहिलं. शंभरच्या शंभर नंबर दिलेले होते. बहुतेक घेणारे पुन्हा कधी आलेच नव्हते, पण पंधरा दिवस नंबर त्यांच्याच नावावर राहणार होता.

मी ही स्थिती ग्रंथपालांना सांगितली आणि त्यांना ती लगेच कळली. इतकी लवकर मलाही कळली नव्हती.

“म्हणजे नेतात अन् परत करत नाहीत,” ते म्हणाले. “पुस्तकाचं जे आहे तेच याचं आहे.”

त्यांनी भिंतीवरचा पासवर्ड पुसला. ज्याला हवा त्याने टेबलापाशी येऊन, रजिस्टरमध्ये सही करून घ्यायचा. आणि दारावर ठळक अक्षरांत सूचना लावली: ‘वाचकांनी घरी जाताना वाचनालयाचा नंबर परत करावा. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या नावावर जाऊन “विसरा” हे बटण दाबावे. दुसऱ्या दिवशी नंबर पुन्हा मिळेल.’ बटणाचा शोध त्यांनी स्वतः लावला होता. सूचनेचं शुद्धलेखन मी तपासलं. त्यात चूक नव्हती. मजकूर बरोबर आहे का, हे मी तपासलं नाही.

संध्याकाळी दार लावताना ग्रंथपाल सगळ्यांसमोर स्वतःचा फोन काढत, “विसरा” दाबत आणि म्हणत, “जमा.” अभ्यासिकेतली काही मुलं त्यांचं पाहून तसंच करू लागली. काही जण नुसतं “जमा” म्हणत.

आता मंगळवार.

ती मुलगी कोंढ्याकडून एसटीने येई. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आता पुनर्वसनात घर. वडील जलाशयात मासे धरतात. पहिल्या दोन फेऱ्यांत तिला जागा मिळाली नव्हती. शेवटच्या फेरीत पाच कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची होती. ती तिने वहीत लिहून, खोडून, पुन्हा लिहून पक्की केली होती. भरली नाहीत तर हे वर्ष गेलं. पुढच्या वर्षी घरचे थांबतील याची तिला खात्री नव्हती, तसं ती मोकळेपणाने सांगे. मोबाइलवर त्या संकेतस्थळाचं शेवटचं बटणच दिसत नसे. आदल्या दिवशी तिने तीन मैत्रिणींच्या फोनवर करून पाहिलं होतं. गावातल्या सेवा केंद्रांवर धानाच्या नोंदणीसाठी पहाटेपासून रांग होती. तिथे तिला दुपारी चारला या म्हणाले, आणि चारला आलात तर उद्या या म्हणू, असंही म्हणाले.

म्हणून ती आमच्या संगणकाची वाट पाहत बसली होती. तो तीन आठवडे दुरुस्तीला होता. आला, लावला, आणि कोपऱ्यात खूण आली की जाळं सापडलं पण पत्ता मिळाला नाही.

मी पडदा काढून सर्व्हरला लावला. शंभर ओळी, शंभर नंबर, एकही मोकळा नाही. आमच्या संगणकाचा जुना नंबर, तो नसताना, मुदत संपून दुसऱ्या कोणाला दिला गेला होता.

“उपाय सोपा आहे,” मी ग्रंथपालांना म्हणालो. “ही यादी पुसून टाकतो. सगळे नंबर मोकळे होतील.”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. “यादी पुसून टाकता?”

“हो.”

“म्हणजे शंभर नंबर निर्लेखित करता.”

निर्लेखन म्हणजे फाटलेलं, हरवलेलं पुस्तक दफ्तरातून कमी करणं. त्याला कार्यकारिणीचा ठराव लागतो. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते.

“भाऊ, बावीस वर्षांत मी ठरावाशिवाय एक चोपडं कमी केलं नाही,” ते म्हणाले. “अन् तुम्ही शंभर म्हणून राहिले. उद्या कोणी विचारलं, तुमचे नंबर कुठं गेले, तर काय सांगू? भाऊने पुसले?”

“सोसायटीच्या बाजूचा एखादा घेऊ,” मी म्हणालो.

“ते अतिक्रमण झालं.”

मुलगी आमच्या मागे उभी होती. “सर, पाच वाजेपर्यंतच आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे पोरी. म्हणूनच वसुलीले जाऊन राहिलो.” त्यांनी मोपेडची किल्ली घेतली. “भाऊ, यादीतली नावं सांगा.”

यादीत फोनचं नाव येतं, माणसाचं नाही. बहुतेक ठिकाणी कंपनीचं नाव आणि आकडे होते. पण काहींनी आपल्या फोनला नावं दिली होती. ‘टेलर मास्टर’ होतं, ‘गुरुजी’ होतं, ‘पानवाले’ होतं. ग्रंथपालांना तिघेही माहीत होते. लोक दारात सांगून नंबर परत देऊ शकतात का, याबद्दल मला शंका होती. पण देऊ शकत नाहीत अशी खात्रीही नव्हती. मी मोपेडवर मागे बसलो. पडदा सर्व्हरलाच लावलेला, यादी उघडीच राहिली. मुलगी तिच्यासमोर बसून राहिली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

टेलर मास्टर मशीनवर होते. वाचनालयाच्या खिडकीच्या पडद्यांचं माप घ्यायला ते दहा दिवसांपूर्वी आले होते.

“तुमच्याकडे आमचा एकशे बेचाळीस आहे,” ग्रंथपाल म्हणाले.

“एकशे बेचाळीस काय?”

“नंबर.”

टेलर मास्टरनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. “पडद्याचं माप तर एकशे दहा होतं जी. मी कायले बेचाळीस घेऊ?”

“पडद्याचा नाही. वाय-फायचा.”

“तो तर तिथंच जोडला होता. दुकानात कुठं लागते तो?”

“लागत नाही, पण तुमच्याजवळ आहे. एका पोरीची सीट जाऊन राहिली त्याच्यापायी.”

टेलर मास्टरनी फोन पुढे केला. म्हणाले, यात जे तुमचं असेल ते काढून घ्या, बाकी राहू द्या. ग्रंथपालांनी “विसरा” दाबलं, “जमा” म्हटलं, आणि खिशातल्या वहीत टिकमार्क केला.

पानवाल्याने आधी साफ इनकार केला. त्याचा समज झाला की वाचनालयातून काहीतरी गेलं आहे आणि आळ त्याच्यावर आहे. “मी पेपर वाचाले येतो, अन् वाचून तिथंच ठेवतो,” तो चढ्या आवाजात म्हणाला. “पूर्ण बाजाराले विचारा.” पूर्ण बाजार तोपर्यंत जमला होता. एकाने विचारलं, काय चोरलं? दुसऱ्याने सांगितलं, नंबर. तिसरा म्हणाला, सट्ट्याचा असेल. पानवाल्याने भांडण मिटावं म्हणून ग्रंथपालांना पान दिलं. ते त्यांनी घेतलं, आणि नंबरही घेतला.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते झोपले होते. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, ग्रंथपालांना पाहिलं आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कापडात बांधलेलं जाड पुस्तक होतं.

“मी यायले किती वेळा म्हटलं, देऊन टाका म्हणून,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं झाली. लाज वाटते मले तुमच्या रस्त्याने जायची. आता काही बोलू नका भाऊजी, ते उठतील.”

ग्रंथपालांनी दाखल क्रमांक पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. हे पुस्तक ते तीनदा मागून गेले होते आणि तिन्ही वेळा गुरुजींनी ते परत केल्याचं शपथेवर सांगितलं होतं. नंबराबद्दल विचारायचं ते विसरले. मी आठवण केली तेव्हा मोपेड सुरू झाली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही परतलो. हाती एक पुस्तक, एक पान आणि वहीत दोन टिकमार्क. यादी तशीच होती. शंभर ओळी. टेलर मास्टर एकशे बेचाळीसवर, पानवाले एकशे सहासष्टवर.

“दोन तर जमा केले,” ग्रंथपाल म्हणाले. “याच्यात काहून दिसून नाही राहिले?”

मुलीने तिची वही पुढे केली. आम्ही नव्हतो त्या वेळात तिने पडद्यावरच्या शंभर ओळी हाताने उतरवून काढल्या होत्या आणि नावांनुसार गट पाडले होते. स्पर्धा परीक्षेची मुलं समोर आलेल्या कुठल्याही मजकुराच्या नोट्स काढतात.

“सर, एक विचारू?” ती म्हणाली. “तुमचे फोन किती आहेत?”

“एकच. काहून?”

“यादीत तेरा आहेत.”

ग्रंथपालांचा फोन विकणाऱ्या दुकानदाराने आदराने त्याला ‘ग्रंथपाल साहेब’ हे नाव रोमन अक्षरांत देऊन ठेवलं होतं. वहीत ते नाव तेरा वेळा होतं, तेरा वेगवेगळ्या नंबरांसमोर. मी तारखा मोजल्या. पंधरा दिवसांतले दोन सोमवार सुटीचे. उरले तेरा.

“हे होऊ शकत नाही,” ग्रंथपाल म्हणाले. “मी तर रोज जमा करतो.”

“तेच झालं ना सर. ‘विसरा’ दाबलं की फोन विसरते. सर्व्हर कुठं विसरते? त्याच्या वहीत तुमचा नंबर पंधरा दिवस तसाच. अन् दुसऱ्या दिवशी तुमचा फोन त्याले जुनी ओळखच देत नाही. हे पाहा, नाव तेच आहे, पण पुढचा लांब आकडा रोज वेगळा. त्याले वाटते, नवीन सभासद आला. तो नवीन नंबर देते.”

“विसरा” दाबल्यावर नव्या ओळखीने जोडायची काही फोनांची सवय असते हे मला नंतर वाचून कळलं. त्या मुलीला ते यादीवरून कळलं होतं. शंभरपैकी एकतीस ओळी एकेकट्या होत्या. त्यांत टेलर, पानवाले, गुरुजी आणि अभ्यासिकेतली ती सगळी मुलं, ज्यांनी सूचनेकडे लक्ष दिलं नव्हतं किंवा ज्यांचे फोन ओळख बदलत नव्हते. उरलेल्या एकोणसत्तर ओळी फक्त सात फोनांच्या होत्या. एक ग्रंथपालांचा. सहा अभ्यासिकेतल्या सर्वांत शिस्तीच्या मुलांचे.

मागच्या टेबलावरून पोलीस भरतीचा एक उमेदवार म्हणाला, “म्हणजे सर, ज्याईने तुमचं ऐकलं नाही, त्याईच्यामुळे वाचनालय चालून राहिलं होतं.”

कोणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण पुस्तकात तोंड घालून.

ग्रंथपाल खुर्चीवर बसले. पाच वाजायला दीड तास होता. मी पुन्हा म्हणालो की यादी पुसतो. टेबलाच्या काचेखाली वाचनालयाचे नियम छापलेले आहेत. त्यांच्यावर बोट ठेवून ते वाचू लागले. त्यांना ते पाठ होते, तरी वाचत होते. मुलगी उभीच होती. तिने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

“नियम चार,” ग्रंथपाल शेवटी म्हणाले. “एका सभासदास एका वेळी एकच पुस्तक मिळेल. मी सभासद आहे. माह्याजवळ तेरा आहेत. म्हणजे बारा जास्तीचे.” ते उभे राहिले. “बारा मी आत्ता जमा करतो. स्वतःच्या हाताने. याले ठराव लागत नाही.”

“मग पुसू?” मी विचारलं.

“पुसायचं नाही. जमा करायचं. आधी नोंद.”

त्यांनी देवघेव रजिस्टर उघडलं, लाल शाईचा पेन काढला आणि लिहू लागले: क्रमांक एकशे तीन, ग्रंथपालाकडून जमा, सही, तारीख. मग पट्टी लावून रेघ. मग एकशे अकराकडे वळले. एका नोंदीला त्यांना दोन मिनिटं लागत होती. अकरा नोंदी बाकी होत्या.

“सर,” मुलगी म्हणाली. एवढंच म्हणाली.

मजकूर कमी करणं हे एक काम मला येतं. मी म्हणालो, उरलेले अकरा नंबर स्वल्पविराम देऊन एका ओळीत घ्या, शेवटी ‘एकूण बारा, सर्व ग्रंथपालाकडून जमा’ असं लिहा, सही एकदाच करा. त्यांनी ओळ डोळ्यांनी मोजली. “बसते काय एवढ्यात?”

“बसते.”

बसली. वीसेक मिनिटं वाचली. मी काळ्या पडद्यावर त्यांच्या बारा ओळी काढल्या. तेरावी, सकाळी मिळालेली, त्यांच्या हक्काची म्हणून ठेवली, तसा त्यांचा आग्रह होता. सर्व्हर बंद करून चालू केला. पडद्याची तार काढून परत वाचकांच्या संगणकाला लावली. तिचा एक स्क्रू खाली पडून टेबलाखाली गेला. तो शोधायला भरतीचा उमेदवार वाकला. आम्ही स्क्रूविनाच पुढे गेलो. संगणक सुरू व्हायला चार मिनिटं लागली. कोपऱ्यातली खूण बदलली. त्याला एकशे तीन मिळाला.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मुलगी बसली आणि पाच कॉलेजं वहीतून बघून भरली. मग पानावर आलं की नोंदणीकृत मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते दहा मिनिटांत भरा.

“तुह्या मोबाइलवर?” ग्रंथपालांनी विचारलं.

“बाबाच्या. घरी एकच आहे. आमच्याइकडं रेंज नाही, म्हणून त्यायले मी सकाळपासून धरणाच्या पाळीवर बसवून ठेवलं आहे. म्हटलं, मी फोन करेपर्यंत उठायचं नाही.”

ग्रंथपाल आपला फोन घेऊन खिडकीत गेले आणि डोकं गजांना लावलं. बाप पहिल्याच घंटीला बोलला. त्याचा आवाज सगळ्या अभ्यासिकेला ऐकू येत होता. वाऱ्यावर बोलणारी माणसं जोरात बोलतात.

“तुमच्या फोनात संदेश आला असेल,” ग्रंथपाल म्हणाले. “त्यातले आकडे वाचा.”

“आला, आला. लिहा. दोन, तीन, नऊ.”

“पुढं?”

“एवढंच आहे. पुढं लिहिलं, अठ्ठावीस दिवस.”

ते रिचार्जचं होतं. ग्रंथपालांनी दुसरा संदेश उघडायला सांगितलं. दुसरा मत्स्य संस्थेच्या सभेचा होता आणि बापाने तो विषयपत्रिकेसह वाचला. तिसरा संदेश उघडायला त्याने फोन कानावरून काढला आणि बोलणं तुटलं. परत लागलं तेव्हा दहा मिनिटं संपली होती. मुलीने नवीन आकडे मागवले. चार वाजून एक्केचाळीस.

“सर्वांत वर जो आहे तोच वाचा,” ग्रंथपाल म्हणाले. “अन् मी विचारीन तसा एकेक सांगा. पहिला?”

“चार.”

“चार. दुसरा?”

“शून्य.”

“शून्य. तिसरा?”

अभ्यासिकेतलं वाचन थांबलं होतं. सहावा आकडा आल्यावर ग्रंथपाल म्हणाले, “आता सगळे पुन्हा एकदा.” दाखल क्रमांक ते नेहमी असेच दोनदा पडताळतात. मुलीने तोपर्यंत एकदा ऐकूनच ते सहा आकडे भरले होते. पान गोल फिरत राहिलं. मग विचारलं, आपण दिलेले पर्याय अंतिम करायचे आहेत काय, यानंतर बदल करता येणार नाही. भरतीचा उमेदवार टेबलाखालून, हातात स्क्रू घेऊन, “हो म्हण” असं ओरडला. तिने पाचही नावं वहीशी ताडून पाहिली, खालून वर आणि वरून खाली, आणि मग बटण दाबलं. हिरव्या पट्टीवर नोंद आली. वेळ सोळा वाजून एकोणपन्नास मिनिटं.

“झालं,” ती म्हणाली.

“झालं,” ग्रंथपाल खिडकीतून फोनवर म्हणाले.

“मंग आता उठू काय?” बापाने विचारलं.

“उठा.”

पाच वाजून दहाची एसटी तिला मिळाली. शिस्तीच्या सहा मुलांनी आपापल्या जास्तीच्या नंबरांसाठी रजिस्टरमध्ये सह्या केल्या. सूचना दारावरून उतरली. मुदत एका दिवसाची करण्याचा ठराव पुढच्या सभेत बहुमताने मंजूर झाला. विरोधी मत ग्रंथपालांनी लेखी नोंदवलं.

प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी मी वाचनालयात होतो. दुपारी ग्रंथपालांचा फोन वाजला आणि ते खिडकीत गेले. बाप होता, पुन्हा पाळीवरून बोलत होता. त्याने मिळालेल्या संदेशाचा एकेक शब्द वाचून दाखवला: अर्ज क्रमांक, मुलीचं नाव, कॉलेजचं नाव, पर्याय क्रमांक तीन, हजर राहण्याची तारीख, आणि हा संगणकीय संदेश आहे, कृपया उत्तर देऊ नये. ग्रंथपालांनी कागदावर सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाले, “पुन्हा एकदा वाचा.” आणि बापाने ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं.